दृष्टान्तांची खतावणी

तेराव्या शतकाच्या अखेरीस महानुभाव पंथातील केसोबासांनी श्रीचक्रधरस्वामींच्या मुखातून निघालेले दृष्टान्त वेचून एकत्र केले आणि 'दृष्टान्तपाठ' हा ग्रंथ सिद्ध केला. प्राचीन मराठी गद्याचा एक रमणीय नमुना म्हणून अभ्यासक या ग्रंथाचा गौरव करतात, आणि तो यथार्थच आहे. परंतु येथे त्याच्या मांडणीकडे वाचकांचे लक्ष वेधावयाचे आहे. ११४ दृष्टान्तांच्या या संग्रहात प्रत्येक नोंदीला तीन अंगे आहेत. आरंभी स्वामींचे सूत्र, त्यानंतर त्या सूत्राच्या स्पष्टीकरणार्थ स्वामींनीच सांगितलेला दृष्टान्त, आणि शेवटी केसोबासांनी स्वतः जोडलेले दार्ष्टान्तिक. म्हणजे गोष्टीतील कोणती वस्तू प्रस्तुत सिद्धान्तातील कोणत्या वस्तूच्या ठिकाणी उभी आहे, याचा उलगडा. हत्तीला चाचपणाऱ्या आंधळ्यांची जी कथा आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत वाचली, ती या ग्रंथातही आहे. पाय हाती लागला त्याला हत्ती खांबासारखा वाटतो, कान हाती लागला त्याला सुपासारखा वाटतो, एवढे सांगून केसोबास थांबत नाहीत. आंधळे कोणाच्या जागी, डोळस कोणाच्या जागी आणि हत्ती कशाच्या जागी, हेही ते लिहून ठेवतात. कारण गोष्ट लोकांच्या ध्यानात राहते आणि तिची जुळणी मात्र हरवते, हा अनुभव प्रत्येक संप्रदायाला, प्रत्येक गुरूला आणि प्रत्येक शिक्षकाला येत आला आहे.

एका विषयातील संबंध दुसऱ्या विषयात ओळखणे हा मनुष्याच्या बुद्धीचा केवळ अलंकार नव्हे, हे आपल्या पूर्वजांना पुरतेपणी ठाऊक होते. नैयायिकांनी प्रत्यक्ष, अनुमान आणि शब्द यांच्या पंक्तीला उपमानाला बसवून त्याला ज्ञानाचे स्वतंत्र साधन मानले; गवय नावाचा प्राणी गाईसारखा असतो, एवढे ऐकून रानात गेलेला मनुष्य तो प्राणी पाहताच ओळखतो, हे त्यांचे सुप्रसिद्ध उदाहरण. वैशेषिकांना आणि बौद्धांना हे स्वतंत्र प्रमाण मान्य नव्हते, तो वाद येथे बाजूला ठेवू. आलंकारिकांनी तर उपमेचे चार घटक नक्की करून दिले: उपमेय, उपमान, दोघांना समान असलेला धर्म आणि साम्य दर्शवणारा शब्द, आणि यांपैकी एखादा घटक गाळला गेला तर तिला लुप्तोपमा म्हणावे, असाही दंडक घातला. पाश्चात्त्य विज्ञानातही हीच शक्ती किती फलदायी ठरली, हे पाहण्यासारखे आहे. विल्यम थॉमसन, जे पुढे लॉर्ड केल्व्हिन म्हणून ओळखले गेले, त्यांनी १८४२ साली, वयाची विशीही ओलांडलेली नसताना, घन पदार्थातून होणारे उष्णतेचे वहन आणि स्थिर विद्युतभारांमधील आकर्षण यांची गणिते एकच रूप धारण करतात हे दाखवले. आणि पुढे मॅक्सवेलने फॅरेडेच्या बलरेषांचा विचार करताना एक काल्पनिक, न दबणारा द्रव मनाशी धरून, तो द्रव प्रत्यक्षात आहे असा आपला दावा नाही हे बजावून सांगत, विद्युत-चुंबकत्वाच्या सिद्धान्ताची वाट मोकळी केली.

मात्र अशी साधर्म्ये आजवर साठवली गेली ती मुख्यतः व्यक्तींच्या स्मरणात. थॉमसनला उष्णतेचे गणित तोंडपाठ होते, म्हणून विजेचा विचार करताना ते त्याला आठवले; ज्याला ते ठाऊकच नाही, किंवा ठाऊक असूनही योग्य क्षणी सुचत नाही, त्याचे काय? मानसशास्त्रज्ञांनी या प्रश्नाचा पद्धतशीर तपास केला आहे आणि त्याचा निष्कर्ष कोणाही शिक्षकाला अस्वस्थ करील असा आहे. कार्ल डुंकर या जर्मन शास्त्रज्ञाने मांडलेले एक कोडे असे: रुग्णाच्या पोटात गाठ आहे, शस्त्रक्रिया अशक्य आहे, किरणांनी ती नष्ट करता येते, परंतु किरण प्रखर ठेवले तर वाटेतील निरोगी भागही जळतो, आणि सौम्य ठेवले तर गाठीचे काहीच बिघडत नाही. उत्तर असे की अनेक दिशांनी सौम्य किरण सोडावेत आणि ते गाठीपाशी एकवटतील अशी योजना करावी. गिक आणि होलिओक या संशोधकांनी १९८० साली काही विद्यार्थ्यांना हे कोडे घालण्यापूर्वी एका सेनापतीची गोष्ट वाचावयास दिली. किल्ल्याकडे जाणाऱ्या सर्व वाटांवर सुरुंग पेरलेले आहेत, मोठे सैन्य गेले तर ते फुटतात, म्हणून सेनापती सैन्याच्या लहान तुकड्या करून त्या निरनिराळ्या वाटांनी पाठवतो आणि सर्वांना एकाच वेळी किल्ल्यापाशी आणतो. गोष्टीवाचून हे कोडे सुमारे १० टक्के लोकांना सुटते; गोष्ट वाचली परंतु तिचा उपयोग होईल असे कोणी सांगितले नाही, तेव्हा सुमारे ३० टक्क्यांना सुटले; आणि 'मघाची गोष्ट आठवून पाहा' एवढी सूचना मिळताच हे प्रमाण ७५ टक्क्यांच्या आसपास गेले. गोष्ट डोक्यात होती, जुळणी करण्याची बुद्धीही होती. अडले होते ते शोधापाशी.

याच वळणाचा आणखी एक प्रयोग गेंटनर, रॅटरमन आणि फोर्बस यांनी १९९३ साली प्रसिद्ध केला. वाचकांना प्रथम कार्ला नावाच्या एका ससाण्याची गोष्ट दिली होती: पिसे नसलेल्या बाणाने आपल्यावर नेम धरणाऱ्या शिकाऱ्याला ती आपल्या शेपटीची पिसे देऊ करते, आणि शिकारी कृतज्ञतेने पुन्हा ससाण्यावर बाण न सोडण्याचे वचन देतो. काही दिवसांनी त्यांतील काहींना पक्ष्यांचीच, परंतु वेगळ्याच आशयाची कथा वाचावयास मिळाली. काहींना दोन राष्ट्रे, संगणक आणि क्षेपणास्त्रे यांची, परंतु अगदी त्याच आशयाची. पहिली कथा आठवली ती मुख्यतः पक्षी पाहून. आणि कोणते साम्य खरोखर उपयोगाचे असे विचारले असता त्याच वाचकांनी राष्ट्रांच्या कथेकडे बोट दाखवले. म्हणजे मनुष्याचा न्याय खोल असतो, पण त्याची आठवण वरवरची असते. हा निष्कर्ष माझ्या मते या संपूर्ण विषयाचा पाया आहे, कारण यंत्राने आपल्याला साहाय्य करावयाचे असेल तर ते कोठे करावे, हे तो नेमके सांगतो.

आता आपल्या ग्रंथालयांतील संग्रह पाहा. कर्नल जेकब यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी 'लौकिकन्यायाञ्जलि' या नावाने मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून तीन भागांत संस्कृतातील लौकिक न्याय प्रसिद्ध केले. काकतालीय, देहलीदीप, अंधपंगु, बीजांकुर अशी ही शेकडो साधर्म्ये, प्रत्येकाला एक नाव, आणि ते कोणत्या ग्रंथात कसे वापरले गेले याचे दाखले: परिश्रमाच्या दृष्टीने हे काम थोर आहे. रेव्हरंड मॅनवेरिंग यांचा मराठी म्हणींचा संग्रह १८९९ साली निघाला आणि त्यात म्हणी शेती, पशुपक्षी अशा विषयांखाली लावल्या आहेत. दाते आणि कर्वे यांचा 'महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश' वर्णानुक्रमाने चालतो. या तिन्ही संग्रहांत ज्याला दृष्टान्ताचे नाव, त्यातील प्राणी किंवा त्याचा पहिला शब्द ठाऊक आहे, त्याला तो सापडतो. परंतु 'ज्यात दोन अपुऱ्या व्यक्ती एकमेकींची उणीव भरून काढतात असा दृष्टान्त हवा' असे म्हणून येणाऱ्याला अंधपंगुन्यायापर्यंत जाण्याची वाट कोठेही दाखवलेली नाही. दुकानदार रोजकीर्दीत व्यवहार घडले त्या क्रमाने लिहितो आणि मग खतावणीत तेच व्यवहार खात्याखात्याला लावतो, तेव्हा कोणाकडे किती येणे आहे ते कळते; आपल्या दृष्टान्तांची रोजकीर्द भरपूर झाली आहे, खतावणी मात्र झालेली नाही.

कागदावर ही खतावणी करणे जवळजवळ अशक्यच होते, हे मान्य केले पाहिजे. एकच दृष्टान्त दहा संबंधांखाली लावावा लागतो, प्रत्येक खात्यातून इतर खात्यांकडे निर्देश द्यावे लागतात, आणि नवीन नोंद आली की जुनी पाने फिरवावी लागतात. व्हॅनिव्हर बुश या अमेरिकन शास्त्रज्ञाने जुलै १९४५ मध्ये 'अटलांटिक मंथली' मासिकात लिहिलेल्या लेखात वर्णानुक्रमी अनुक्रमणिकेविषयी हीच तक्रार केली होती. मनुष्याचे मन साहचर्याने चालते, कपाटे मात्र अक्षरांनी चालतात, अशी त्याची खंत. आणि तीवर उपाय म्हणून त्याने एका काल्पनिक यंत्राची तजवीज सुचवली, ज्यात वाचकाने एका कागदापासून दुसऱ्या कागदापर्यंत स्वतः वाटा आखाव्यात आणि त्या वाटा इतरांना देता याव्यात. पुढे १९८९ मध्ये टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत जो मसुदा सादर केला, आणि ज्यातून आजचे विश्वव्यापी जाल जन्मले, त्यातील आकृतीत वर्तुळे बाणांनी जोडलेली होती आणि त्या बाणांवर 'वर्णन करतो', 'समाविष्ट करतो', 'उल्लेख करतो' असे शब्द लिहिलेले होते. प्रत्यक्षात जाल वाढले ते बहुतांशी मुक्या बाणांनी. एका पानावरून दुसऱ्या पानावर जाता येते; का जावे, त्या दोहोंत नाते काय, हे दुवा सांगत नाही. दृष्टान्तांच्या दृष्टीने ही मोठीच हानी होती, कारण दृष्टान्तात सर्व सार त्या नात्यातच असते.

ही उणीव भरून काढणारी पद्धत १९९९ साली जालाच्या मानकसंस्थेने मान्य केली. तिचे तांत्रिक नाव आरडीएफ, आणि तिचे मर्म अत्यंत साधे आहे. प्रत्येक विधान तीन पदांचे असावे: कोण, कोणत्या नात्याने, कोणाशी. आणि या तीन पदांना, विशेषतः मधल्या नात्यालाही, जालावर स्वतःचा कायमचा पत्ता असावा. वरवर क्षुल्लक दिसणाऱ्या या नियमाने काय साधते ते शाळेतील एका नोंदीवरून पाहू. विजेचा प्रवाह शिकवताना शिक्षक पाण्याच्या नळाचा दाखला देतात. नोंदवहीत केवळ 'वीज पाण्यासारखी' एवढे लिहून भागत नाही. पंप हा विद्युतघटाच्या जागी, पाण्याचा दाब विद्युतदाबाच्या जागी, दर क्षणाला वाहणारे पाणी विद्युत्प्रवाहाच्या जागी आणि अरुंद नळी रोधाच्या जागी, अशा चार जोड्या प्रथम लिहाव्या लागतात. त्यानंतर 'दाबातील फरक प्रवाह वाढवतो' आणि 'अरुंदपणा प्रवाह घटवतो' ही दोन नाती दोन्ही बाजूंना एकाच पत्त्याने जोडावी लागतात. असे केले की शोध घेणारा 'फरकामुळे प्रवाह आणि अडथळ्यामुळे घट' या नात्याच्या पत्त्यावर जाऊन उभा राहतो, आणि त्याला पाणी व वीज यांबरोबरच भिंतीतून बाहेर पडणारी उष्णताही तेथेच भेटते. वर्णमाला त्यांच्या आड येत नाही.

मात्र पाण्याचा हा दाखला एकटाच पुरत नाही, हे डेड्री गेंटनर आणि डोनाल्ड गेंटनर यांनी १९८३ साली दाखवून दिले. विजेचा विचार वाहत्या पाण्याच्या रूपाने करणाऱ्यांना घटांची, म्हणजे बॅटऱ्यांच्या जोडण्यांची, गणिते अधिक चांगली येत. उलट वीज म्हणजे फाटकांतून पुढे सरकणारी गर्दी असे मनात धरणाऱ्यांना समांतर जोडलेल्या रोधांची गणिते अधिक चांगली येत. कारण उघड आहे. गर्दीच्या मार्गात शेजारी शेजारी दोन फाटके असली तर अधिक माणसे पुढे जातात हे डोळ्यांना दिसते, परंतु नळीतील अडथळा मनात असलेल्या विद्यार्थ्याला दोन अडथळे म्हणजे दुप्पट अडवणूक वाटते. म्हणून खऱ्या संग्रहात एका विषयाला एकच दृष्टान्त जोडून चालणार नाही; निरनिराळे दृष्टान्त शेजारी ठेवून प्रत्येकाचा अंमल कोठपर्यंत चालतो हे लिहिले पाहिजे. गिक आणि होलिओक यांच्या १९८३ च्या पुढील प्रयोगांतही हेच आढळले की एकाऐवजी दोन समानार्थी गोष्टींची तुलना करवून घेतली असता त्यांतील सामान्य तत्त्व मनात ठसते आणि नव्या प्रश्नात ते अधिक सहज सुचते.

दृष्टान्त चांगला कशाने ठरतो, याचे उत्तरही डेड्री गेंटनर यांनी त्याच वर्षी मांडलेल्या सिद्धान्तात दिले आहे. वस्तूंचे गुण नव्हे, त्यांच्यातील नाती एका क्षेत्रातून दुसऱ्या क्षेत्रात जातात. आणि सुटी नाती जाण्यापेक्षा कार्यकारणाने एकमेकांत गुंतलेल्या नात्यांची संपूर्ण व्यवस्था जाते तेव्हा दृष्टान्त सबळ होतो. पुढे केनेथ फोर्बस आणि त्यांचे सहकारी यांनी या सिद्धान्ताला संगणकाच्या आज्ञावलीचे रूप दिले, आणि शोधाच्या कामाला दोन टप्प्यांची युक्ती योजली. पहिल्या टप्प्यात यंत्र संपूर्ण संग्रहावरून झरझर नजर फिरवून ढोबळ साम्याच्या नोंदी बाजूला काढते. दुसऱ्या टप्प्यात त्या थोड्या नोंदींची नात्यागणिक रुजुवात घेते. लाखो नोंदींची अशी कसून रुजुवात अव्यवहार्य, आणि केवळ ढोबळ साम्यावर विसंबणे म्हणजे पुन्हा पक्षी पाहून पक्षी आठवणे. दोन्हींची सांगड घालण्यातच शहाणपण आहे.

अशा संग्रहाचे प्रत्यक्ष चालते उदाहरण हवे असेल तर २००८ साली जॅनिन बेन्यस यांच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या 'आस्कनेचर' या संग्रहाकडे पाहावे. निसर्गातील युक्त्या अभियंत्यांना आणि रचनाकारांना सुचाव्यात, हा त्याचा हेतू. येथे प्राणी आणि वनस्पती वर्गवारीने लावलेल्या नाहीत. नोंदी लावल्या आहेत त्या कार्यानुसार. ताप कसा घालवावा, आघात कसा सोसावा, पाणी कसे गोळा करावे, असा प्रश्न घेऊन जाणाऱ्याला मग वाळवी, सुतारपक्षी आणि वाळवंटातील भुंगेरा भेटतात. अशा साधर्म्यांचे एक ठळक उदाहरण जपानचे आहे. १९९७ मध्ये ताशी ३०० किलोमीटर वेगाने धावू लागलेल्या ५०० मालिकेच्या शिंकान्सेन गाडीची रचना करताना अशी अडचण होती की बोगद्यात शिरताना गाडीपुढे हवेचा दाब साचे आणि त्याची लाट दुसऱ्या टोकातून बाहेर पडताना स्फोटासारखा आवाज होई. अभियंते एइजी नाकात्सु हे पक्षिनिरीक्षक होते. विरळ हवेतून दाट पाण्यात सूर मारूनही फारसे पाणी न उडवणारा खंड्या त्यांनी पाहिलेला होता. कमी रोधाच्या माध्यमातून अधिक रोधाच्या माध्यमात एकाएकी शिरणे, हे दोहोंतील समान नाते. गाडीला सुमारे १५ मीटर लांबीचे, खंड्याच्या चोचीच्या घडणीचे नाक मिळाले. नाकात्सुंना पक्ष्यांचा नाद नसता तर? संग्रहाचे प्रयोजन या प्रश्नातच आहे: एका माणसाच्या छंदावर जे अवलंबून होते ते दुसऱ्या कोणालाही, छंद नसतानाही, योग्य वेळी हाती यावे.

नोंदी हाताने करण्याचे काम फार मोठे आहे, म्हणून ते यंत्राकडून करवून घेण्याचे प्रयत्नही होत आहेत. पीटर टर्नी या कॅनडातील संशोधकाने २००६ साली एक पद्धत प्रसिद्ध केली, जीत गवंड्याचे दगडाशी जे नाते तेच सुताराचे लाकडाशी, अशी नाती यंत्र प्रचंड मजकुरातून हुडकते. दोन शब्द ज्या ज्या वाक्यबंधांत एकत्र येतात त्यांवरून त्यांचे नाते ठरवते. अमेरिकेतील महाविद्यालयीन प्रवेशपरीक्षेच्या ३७४ प्रश्नांपैकी ५६ टक्के त्या यंत्राने सोडवले, आणि परीक्षार्थींची सरासरी ५७ टक्के होती. २०१७ मध्ये होप, चॅन, किट्टूर आणि शहाफ यांनी आणखी एक पाऊल पुढे टाकले. नव्या वस्तूंच्या कल्पनांचे तपशील घेऊन त्यांनी प्रत्येकातील हेतू आणि युक्ती ही दोन अंगे वेगळी करावयास यंत्राला शिकवले, आणि मग 'हेतू जवळचा पण युक्ती दूरची' अशा जोड्या शोधल्या. रचना किती नेटकी आहे पाहा: साम्य हवे, पण सर्वच बाबतीत साम्य असेल तर त्यातून नवीन काही निष्पन्न होत नाही.

आजची भाषायंत्रे तर मागाल तितके दृष्टान्त क्षणार्धात रचून देतात. त्यांचा अव्हेर करण्याचे कारण नाही. पण त्यांच्या दृष्टान्ताला दाखला नसतो, तो कोणी कोठे वापरला आणि त्याने कोणाचा काय गैरसमज झाला याचा इतिहास नसतो. शिवाय मराठीसारख्या भाषेत, जेथे एका 'घर' शब्दाची घराला, घरात, घरापासून, घरावरून अशी रूपे होतात आणि जालावरील मजकूर इंग्रजीच्या तुलनेने थोडा आहे, तेथे केवळ मजकुराच्या राशीतून नाती हुडकण्याची पद्धत दुबळी पडते. आपल्याला माणसांनी तपासलेल्या नोंदींची गरज अधिक आहे.

या नोंदींत एक रकाना असा हवा की जो केसोबासांच्या ग्रंथातही नाही. मेरी हेस या तत्त्वज्ञ विदुषींनी १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विज्ञानातील प्रतिमानांवरील आपल्या ग्रंथात साधर्म्याचे तीन भाग पाडले: जेथे साम्य आहे असे ठाऊक आहे तो भाग, जेथे साम्य नाही हे ठाऊक आहे तो भाग, आणि ज्याविषयी अद्याप निर्णय झालेला नाही तो भाग. संशोधकाला तिसरा भाग मोलाचा, कारण नवे भाकीत त्यातूनच निघते. विद्यार्थ्याला दुसरा भाग मोलाचा, कारण चुका तेथेच होतात. अणू हा सूर्यमालेसारखा, असे पाठ्यपुस्तक सांगते. ग्रह एकमेकांना आकर्षितात पण इलेक्ट्रॉन एकमेकांना दूर सारतात, ग्रहाची कक्षा कोणतीही असू शकते पण इलेक्ट्रॉनची ऊर्जा ठरावीक पायऱ्यांवरच असते, हे त्याच पानावर लिहिलेले क्वचितच आढळते. अध्यापनशास्त्रज्ञ शॉन ग्लिन यांनी दृष्टान्त देण्याच्या आपल्या पद्धतीत 'तो कोठे मोडतो हे सांगणे' ही एक आवश्यक पायरीच मानली आहे. जालावरील संग्रहाचा येथे मोठा लाभ आहे. छापील पानाला विद्यार्थ्याची शंका पुन्हा पोहोचत नाही. पण ज्या नोंदीला स्वतःचा पत्ता आहे तिच्याखाली गडचिरोलीची शिक्षिका लिहू शकते की नळ तोडला तर पाणी सांडते, मग तार तोडली तर वीज का सांडत नाही, असे मुले विचारतात. आणि तो शेरा पुढे ती नोंद वापरणाऱ्या सर्वांच्या उपयोगी पडतो. २०१२ मध्ये सुरू झालेल्या विकिडेटाने असे सामुदायिक दप्तर चालवता येते हे सिद्ध केले आहे. तेथे आज १० कोटींहून अधिक वस्तूंच्या नोंदी आहेत, एकाच वस्तूची नावे मराठीसह अनेक भाषांत लिहिता येतात, आणि प्रत्येक विधानाला त्याचा आधार जोडण्याची सोय आहे.

मराठीने या कामाला हात घालावयाचा तर आरंभ कोठून करावा? माझ्या मते लौकिक न्याय आणि म्हणी यांपासून. जेकब आणि मॅनवेरिंग यांचे जुने ग्रंथ प्रताधिकाराच्या मुदतीबाहेर गेलेले आहेत, प्रत्येक न्यायाला नाव आहे, आणि तो लोकांच्या बोलण्यात अद्याप जिवंत आहे. उदाहरणार्थ स्थालीपुलाकन्याय घ्या. भांड्यातील एक शीत चेपून पाहिले की सर्व भात शिजला की नाही ते कळते. मराठीत शितावरून भाताची परीक्षा म्हणतात. नोंदीत शीत हा नमुना, भात हा समुच्चय, आणि 'नमुन्याचा गुण समुच्चयालाही लागू' हे नाते. त्या नात्याच्या पत्त्यावर रक्ताच्या थेंबावरून केलेली तपासणी येईल, धान्याच्या पोत्यात बांबू खुपसून काढलेली मूठ येईल, निवडणुकीपूर्वीची जनमत पाहणी येईल; आणि शेतातील पीक कापणीचे प्रयोगही येतील, ज्यांत शेताचा लहानसा तुकडा आखून, तेवढेच पीक कापून, मळून, तोलून त्यावरून साऱ्या तालुक्याच्या उत्पन्नाचा अंदाज बांधतात.

आणि मग मोडण्याचा रकाना. सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी १९४६ साली 'नेचर' या नियतकालिकात दाखवले की कापणीचा तुकडा फार लहान घेतला तर उत्पन्नाचा अंदाज खऱ्यापेक्षा जास्त येतो. प्रशांतचंद्र महालनोबिस यांचा कल लहान तुकड्यांकडे होता, आणि या मुद्द्यावर दोघांत दीर्घ मतभेद राहिला. कारण भूमितीचे आहे. तुकडा जितका लहान, तितकी त्याच्या क्षेत्रफळाच्या मानाने त्याची कड मोठी; कडेवरचे रोप आत धरावे की बाहेर, असा प्रश्न पडला की कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो. भाताच्या शिताला अशी कड नसते. शीत एक तर चिमटीत येते किंवा येत नाही. शिवाय भांड्यातील भात एकाच आचेवर एकाच पाण्यात शिजतो, शेताला ते लागू नाही. बांधाजवळचे पीक वेगळे, खोलगट जागेतले वेगळे, विहिरीजवळचे वेगळे. म्हणून शीत कोठूनही उचलले तरी चालते आणि शेतातला तुकडा मात्र चिठ्ठी टाकूनच निवडावा लागतो. न्यायाचे नाव, त्याची जुळणी, त्याच्या खात्यावरील इतर दाखले, आणि सुखात्म्यांच्या निबंधाकडे जाणारा, 'या ठिकाणी मोडतो' असे ज्यावर स्पष्ट लिहिले आहे असा दुवा: एका नोंदीत एवढे यावे, आणि ती नोंद शेतकी महाविद्यालयातील विद्यार्थ्याला 'नमुना' या शब्दावरून, गृहिणीला 'भात' या शब्दावरून आणि तर्कशास्त्राच्या अभ्यासकाला 'स्थालीपुलाक' या शब्दावरून सारखीच सापडावी.